गिरणगाव : एका स्थलसंज्ञेची घडण

मराठी समीक्षेत ‘गिरणगाव’ ही संज्ञा एखाद्या स्थिर, एकजिनसी नेपथ्यासारखी वापरली जाते. लालबाग, परळ, डिलाईल रोड या वस्त्यांचा सामाजिक इतिहास या गृहीताला छेद देतो.

1854 साली कावसजी दावर यांनी स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची कापडगिरणी 1856 मध्ये सुरू झाली. पुढे रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला कामगार बहुधा एकटा पुरुष होता. 1921 च्या जनगणनेत मुंबईतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जेमतेम निम्मी दिसते. गावकऱ्यांनी मिळून घेतलेला गाळा, पाळीनुसार अंथरली जाणारी वळकटी आणि बाईने चालविलेली खाणावळ या येथील मूळ संस्था होत, कुटुंब नव्हे. अण्णा भाऊ साठे यांच्या छक्कडीतील गावी राहिलेल्या पत्नीचा विरह संयुक्त महाराष्ट्राचे रूपक म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु या रूपकाला पायाभूत ठरलेले लोकसंख्येचे वास्तव आपण सहसा विचारात घेत नाही.

शिवाय ही वस्ती आतून दुभंगलेली होती. अधिक मजुरीच्या साचेखात्यात दलितांना प्रवेश नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. 1928-29 च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. ‘कामगारसाहित्य’ आणि ‘दलित साहित्य’ अशी जी विभागणी आपण वाङ्मयीन मानतो, तिची एक रेषा गिरणीच्या खात्यांतूनच गेलेली आहे. नारायण सुर्वे यांच्या कवितेतील व्यापक ‘आम्ही’ या रेषेसह वाचला पाहिजे, असे मला वाटते.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीच्या विक्रीची वाट मोकळी केली. 2001 च्या दुरुस्तीने सार्वजनिक वापराचा वाटा आणखी आक्रसला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य मानली. तथापि स्थलांतर केवळ हुसकावण्यातून झाले नाही. पागडीची खोली विकून कल्याण-डोंबिवलीकडे गेलेल्यांचा हिशेब आपल्या शोकपर लेखनात क्वचितच येतो.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मध्ये हा पालट नेमका दिसतो. आरंभी येथे गिरणी होती, कुटुंब नव्हते. या नाटकातील खोलीत कुटुंब आहे, गिरणी नाही. त्या परिसरातील नव्या मनोऱ्यांच्या जाहिरातींत लोअर परळचा पत्ता ‘अप्पर वरळी’ असा छापला गेला आहे.