झडप, पडसाद आणि हृदयाचे घर

‘टू-डी इको करून घ्या, झडप नीट पाहावी लागेल.’ हृदयरोगतज्ज्ञांच्या तोंडच्या या वाक्यात ग्रीक ‘इको’ आणि देशी ‘झडप’ शेजारीशेजारी बसले आहेत. दोघांचीही कुळे शोधण्याजोगी आहेत.

इकोला आपण ‘प्रतिध्वनी’ म्हणतो. पण संस्कृतात त्याच अर्थाचा आणखी एक शब्द चांगला रुळलेला होता, ‘प्रतिशब्द’. ‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात सिंहाने धरलेली नंदिनी हंबरते, त्या हंबरण्याचा गुहेत घुमणारा प्रतिशब्द कालिदासाने वर्णिला आहे. मराठीत मात्र प्रतिशब्दाचा अर्थ ‘पर्यायी शब्द’ असा झाला. मग जुना अर्थ गेला कुठे? तो प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आधीच येऊन बसला होता. शब्दचे ‘सद्द’ झाले, सद्दचे ‘साद’. प्रतिचे ‘पडि’ झाले. प्रतिशब्द, पडिसद्द, पडसाद! एकच शब्द दोन वेळा घरात आला, एकदा पोथीतून आणि एकदा बोलण्यातून, आणि दोन वेगळी कामे करू लागला.

हा ‘पड’ एकदा ओळखीचा झाला की जागोजाग दिसू लागतो. प्रतिच्छायेची पडछाया, प्रतिपदेचा पाडवा, प्रतिजिव्हेची पडजीभ. पडदा मात्र या कुटुंबातला नव्हे. तो फारसी ‘पर्दा’. मराठीत त्यातल्या ‘र’चा ‘ड’ झाला, त्यामागे ‘पडणे’ या आपल्या क्रियापदाची ओढ असावी. पडतो तो पडदा, असे कानाला पटले असेल. हृदयाच्या बाबतीत लोक पडदा आणि झडप यांची गल्लत सहसा करत नाहीत. भोक असते ते पडद्याला, आणि गळते ती झडप.

‘व्हॉल्व्ह’ हा लॅटिन ‘वाल्वा’, म्हणजे दुमडत्या दाराची फळी. त्याचा संबंध ‘फिरणे, वळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी लावतात, आणि तो धातू संस्कृत ‘वल्’चा, म्हणजे आपल्या वळण्याचा, दूरचा नातलग दिसतो. हिंदी परिभाषेने दाराचीच कल्पना धरून ‘कपाट’ घेतले. बद्रीनाथाची कपाटे उघडतात ती याच अर्थाने. मराठीत ते जमले नसते. आपल्याकडे कपाटाचे घासून ‘कवाड’ झाले, दाराचा अर्थ त्याच्याकडे गेला, आणि मूळ कपाट कपडे व पुस्तके ठेवण्याच्या कामी लागले. त्यात इंग्रजी ‘कबर्ड’च्या ध्वनिसाम्याने हातभार लावला असावा.

परिभाषाकारांच्या डोळ्यांपुढे घरच होते, असे दिसते. हृदयाचा वरचा कप्पा ‘अलिंद’, खालचा ‘निलय’. अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी. निलय म्हणजे जिथे विसावायचे ते घर, ‘नि’ उपसर्ग आणि ‘ली’ धातू. ओसरी आणि घर यांच्यामध्ये दार हवेच. लॅटिनमध्येही तीच रचना आहे. ‘एट्रियम’ हा रोमन घराचा दर्शनी चौक आणि वाल्वा हे दार. आपल्या मंडळींनी रोमन चौकाची ओसरी केली, ही निवड मला फार आवडते.

याच घराच्या डाव्या बाजूचे दार ते माइट्रल. व्हेसेलियसला, म्हणजे 1543 मध्ये शरीररचनेचा महाग्रंथ छापणाऱ्या पंडिताला, त्यात बिशपच्या दुशिंगी मुकुटाचे रूप दिसले. त्या मुकुटाचे नाव ‘मायटर’, मूळ ग्रीक ‘मित्रा’, डोक्याला बांधायची पट्टी. काही अभ्यासक हे ‘बांधणे’ अर्थाच्या प्राचीन धातूकडे नेतात आणि आपला ‘मित्र’ही तिथेच आणून ठेवतात. सर्वांना ते मान्य नाही. मराठी नाव ‘द्विदल’. यातला दल ‘फुटणे, दुभंगणे’ या अर्थाच्या धातूचा. डाळ त्याच्याच कुळातली दिसते, आणि डाळीला द्विदल धान्य आपण म्हणतोच. ‘बायकस्पिड’ या युरोपीय नावातल्या ‘कस्प’ने टोके मोजली, आपण पाकळ्या मोजल्या.

आता झडप. हेमचंद्राच्या व्याकरणातल्या अपभ्रंश उदाहरणांत ‘झडप्पड’ हा शब्द ‘भराभर’ या अर्थाने येतो. संस्कृत ‘झटिति’, मराठी झटपट, झडकर, झपाटा हे सारे त्याच ध्वनीभोवती जमलेले. घार झडप घालते, भूत झडपते, आणि दाराची फळीही झडपच. तीनही ठिकाणी समान आहे तो वेग. फळीला हे नाव तिच्या आकारावरून न मिळता झपकन मिटण्यावरून मिळाले असावे. कपाटात आणि वाल्वात हा वेग नाही.

आणि इकोची कथा या वेगापाशीच सुरू होते. 1953 च्या ऑक्टोबरात स्वीडनमधल्या लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हेलमुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींच्या पडसादांवरून धातूतल्या भेगा शोधण्याचे सीमेन्सचे यंत्र छातीवर टेकवले आणि धडधडत्या हृदयाचे पडसाद टिपले. (हर्ट्झ या आडनावाचे मूळ काही जण ‘हृदय’ अर्थाच्या जर्मन शब्दात पाहतात, काही हरणाच्या नावात. हेलमुट हे, कंपनसंख्येच्या एककाला ज्यांचे नाव आहे त्या हाइनरिश हर्ट्झ यांच्या पुतण्याचे चिरंजीव.) एडलरना हवे होते ते माइट्रल स्टेनोसिसचे, अरुंद झालेल्या झडपेचे, शस्त्रक्रियेआधीचे निदान. एक ठळक हलती रेघ त्यांना आधी अलिंदाची भिंत वाटली. पुढे ती माइट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीची ठरली. निरोगी माणसात ही रेघ तीव्र उताराने घसरे, पाकळी चटकन मिटण्याकडे जाई. रोग्यात उतार मंद होई. त्या उतारावरून ते आजार किती वाढला आहे हे ठरवू लागले. झडपेतली झडप कमी होणे, हेच तर ते मोजत होते!

आज पडद्यावर पाकळ्याच दिसतात आणि दाराचे क्षेत्रफळही मोजता येते. निरोगी माइट्रल 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडते. ते दीड किंवा त्याहून कमी झाले की आजार तीव्र मानतात. या मोजण्याची खूण पडद्यावरच्या चित्राला आपण म्हणतो त्या ‘प्रतिमा’ शब्दातही आहे, कारण त्यातला ‘मा’ म्हणजे मापणे. अहवालात पुढे ‘रिगर्जिटेशन’ येते, रक्त उलटे फिरणे. त्यातला लॅटिन ‘गुर्गेस’ म्हणजे भोवरा. संस्कृतात भोवऱ्याला ‘गर्गर’ म्हणत, आणि दोन्ही ‘गिळणे’ अर्थाच्या एकाच मुळाकडे जातात असे दिसते. ‘स्टेनोसिस’मधला ‘स्टेनोस’ म्हणजे अरुंद. कचेरीतल्या स्टेनोच्या आखूड लिपीतही तोच.

बहुतेक माइट्रल स्टेनोसिसच्या मुळाशी बालपणीचा संधिवाताचा ताप असतो, आणि त्या तापाची सुरुवात घशाच्या जंतुसंसर्गाने होते, पडजिभेच्या शेजारी. ग्रीकांनी त्या दुखण्यात ‘ऱ्हेउमा’, म्हणजे स्राव पाहिला; आपण वात पाहिला.

अहवालावर ‘इको’ राहील, राहू द्यावा. तो छोटा आहे आणि सर्वांच्या तोंडी बसला आहे. पडसादही विधिमंडळात उमटत राहतील. पण ‘झडप’ला हटवून कोणी ‘कपाट’ किंवा नुसते ‘व्हॉल्व्ह’ आणू पाहील, तर मराठीने ते मान्य करू नये. हृदयातल्या त्या दाराचे काम इतके नेमके सांगणारा शब्द लॅटिनलाही साधला नाही.