शिवलेली टोपी व असईचे शिपाई

संस्कृतात शिरोवस्त्रास उष्णीष म्हणतात. अमरकोशाने त्याचे शिरोवेष्टन व किरीट असे दोन अर्थ दिले आहेत. शिवणीचा गंध दोहोंतही नाही. पागोटे बांधावयाचे आणि टोपी शिवावयाची, हा भेद आमच्या लोकांस इतका ठळक वाटला की, समुद्रापलीकडून आलेल्यांस त्यांनी टोपीकर हेच नाव दिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हाच शब्द आहे.

तथापि लढणाऱ्यास शिवलेली टोपी वर्ज्य होती असे नव्हे. लोखंडी टोपाखाली कापूस भरलेली टोपी लागे. ती शिवण्याची रीत गोधडी शिवणाऱ्या कोणत्याही बाईस शिकवावी लागत नाही. धुवट कापडाच्या चार पाकळ्या बेतावयाच्या, अस्तर व वरचे कापड यांमध्ये पिंजलेला कापूस पसरावयाचा, आडवेउभे दाट टाके घालावयाचे, आणि मग पाकळ्या जोडावयाच्या. टाके विरळ पडल्यास कापूस एकीकडे गोळा होतो, व रिकाम्या जागी टोप रुततो. लेकरांच्या कुंच्या तर घरोघर शिवल्या जातच. तेव्हा आक्षेप शिवणीस नसून आकारास होता, असे आमचे मत आहे.

याचे प्रत्यंतर असईच्या शिपायांत मिळते. आताच्या जालना जिल्ह्यात, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. टोपीकरांची फौज म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे गोरे पायदळ उभे राहते. वस्तुतः वेलस्लीच्या पायदळाच्या सात पलटणींत गोऱ्या दोनच. पाच मद्रासी शिपायांच्या, आणि त्यांच्या डोक्यास पागोटे! पुढे नोव्हेंबर १८०५ मध्ये मद्रासचा सेनापती क्रॅडक याने चामड्याचे फूल लावलेले, टोपीच्या घाटाचे नवे पागोटे लागू केले. मे १८०६ मध्ये वेलोरास चौथ्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने ते नाकारले. त्याच रेजिमेंटची पहिली पलटण असईस लढली होती. १० जुलैस बंड झाले. गंध, दाढी व कानांतील बाळ्या यांवरील बंदी हीही त्याची कारणे होत. ते मोडावयास अर्काटाहून धावले एकोणिसावे घोडदळ, तेही असईचेच. पागोट्याचा हुकूम मात्र सरकारास मागे घ्यावा लागला.

भोकरदन-जाफराबादकडील दप्तरांत त्या सुमाराचे शिंप्यांच्या मजुरीचे वा कापसाच्या खर्चाचे चिटोरे कोणास आढळल्यास, क्षुल्लक समजून ते टाकू नयेत.