पाण्यावरची रेघ

पिंपरी-चिंचवडचें नांव घेतलें कीं डोळ्यांपुढें कारखाने उभे राहतात, समुद्र नव्हे. तरीहि आज मी समुद्राची गोष्ट सांगणार आहें आणि तिचा आरंभ पिंपरीपासूनच करतों. फाळणीनंतर सिंधमधून निघालेलीं कित्येक कुटुंबें पिंपरीच्या छावणींत येऊन स्थिरावलीं. हा सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, हें आज फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें.

सिंध व कच्छ संस्थान यांच्यामध्यें दलदलींतून जाणारी सुमारें ९६ किलोमीटर लांबीची सर खाडी आहे. तिच्या कांठच्या लाकूडफाट्यावरून दोहों बाजूंत तंटा झाला. १९१४ सालीं मुंबई सरकारनें ठराव करून तो मिटविला आणि सोबतच्या नकाशावर खाडीच्या पूर्व कांठानें हिरवी रेघ ओढली. पुढें १९२५ च्या नकाशांत मात्र सीमा खाडीच्या मध्यांतून दाखविली गेली. दोन्ही कांठांवर सत्ता एकाच साम्राज्याची. तेव्हां ही विसंगति कोणास बोचली नाहीं.

१९४७ सालीं तीच रेघ दोन राष्ट्रांची सीमा झाली. पाकिस्तान हिरवी रेघ पुढें करतें. भारत खाडीचा मध्य. १९६५ च्या संघर्षानंतर नेमलेल्या लवादानें १९६८ सालीं कच्छच्या रणाचा निकाल दिला. पण ही खाडी त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. नंतर १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानें किनारी राष्ट्रांना २०० सागरी मैलांपर्यंत मासळीवर हक्क दिला. जमिनीची सीमा जेथें समुद्रास मिळते, तेथूनच समुद्राची वांटणी सुरू होते. मुखापाशीं रेघ थोडी सरकली, तर आंत खोल समुद्रांत शेंकडों चौरस मैलांचा फरक पडतो. म्हणून चिखलाच्या खाडीला एवढें मोल आलें.

या वादाची झळ कोणास लागते? पालघर जिल्ह्यांतील डहाणू-तलासरीकडचे गरीब आदिवासी तरुण गुजरातच्या बंदरांतील मालकांच्या नौकांवर मोलानें जातात. मासळीमागें जातां जातां नौका अदृश्य रेघ ओलांडते आणि खलाशांची रवानगी कराचीच्या तुरुंगांत होते. आपले रक्षक नाविकहि तिकडच्या कोळ्यांना असेंच पकडतात. २००८ च्या करारान्वयें दोन्ही सरकारें दर वर्षीं १ जानेवारी व १ जुलै रोजीं कैद्यांच्या याद्या परस्परांस देतात. १ जुलै २०२५ च्या याद्यांत पाकिस्तानकडे १९३ व भारताकडे ८१ मासेमार होते. मागें घरच्या स्त्रिया दारांत वाट पाहत बसतात आणि कमावता हात गेल्यामुळें कर्ज वाढत जातें.

वास्तविक १९८२ च्या करारांतील ७३ वें कलम सांगतें कीं, आर्थिक क्षेत्रांत मासेमारीचा नियम मोडणाऱ्यास, उभय देशांत निराळा करार नसेल तर, कैद देऊं नये. वाजवी जामीन घेऊन नौका व खलाशी सत्वर सोडावे. भारतानें १९९५ मध्यें व पाकिस्ताननें १९९७ मध्यें हा करार मान्य केला. किनाऱ्यालगतच्या १२ मैलांस हें कलम लागू नाहीं, हें खरें. पण त्यामागील न्यायबुद्धि तेथें निरुपयोगी कां ठरावी? कैद्यांची विचारपूस करण्यासाठीं दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिति निघाली होती; तिची शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३ मध्यें झाली.

सीमेचा वाद मिटेपर्यंत माणसांनीं थांबलेंच पाहिजे, असें नाहीं. ऑस्ट्रेलिया व पापुआ न्यू गिनी यांनीं १९७८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या तहांत समुद्रतळासाठीं एक रेघ व मासळीसाठीं दुसरी रेघ मान्य केली आणि तेथील रहिवाशांची परंपरागत मासेमारी व येजा मोकळी ठेवली. सार्वभौमत्वाचा प्रश्न आणि पोटाचा प्रश्न त्यांनीं निरनिराळा सोडविला.

आपल्या भाषेंत न टिकणाऱ्या गोष्टीस पाण्यावरची रेघ म्हणतात. १९१४ ची ही रेघ मात्र शंभर वर्षें उलटून गेलीं तरी टिकली आहे. मुत्सद्द्यांनीं ती पुसावी कीं हलवावी, हें त्यांचें तेच ठरवोत. तोंवर जाळें टाकणाऱ्या गरिबास तुरुंगाऐवजीं घरची वाट दाखवावी, एवढें तरी दोन्ही सरकारांना आज करतां येण्याजोगें आहे.