शिशाचे वजन

भंडारदऱ्याच्या आमच्या शाळेत एका मुलाने विचारले, “गुरुजी, चांगलाच घोडा जिंकणार हे ठरलेले, मग बाकीचे धावतात कशाला?” शर्यतीचा मला षोक नाही, पण प्रश्न रास्त होता. उत्तर शोधीत मी तिच्या इतिहासात शिरलो.

मुंबईचे महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे. तेथे १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने ती जिंकली. डर्बी ही समवयस्कांची झुंज. परंतु पुष्कळशा शर्यती ‘हँडिकॅप’च्या असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अ‍ॅडमिरल राऊस यांनी या वजनांच्या हिशेबाला शिस्त लावली. ज्या घोड्याची मागली कामगिरी सरस, त्याच्या पाठीवर वजन अधिक. स्वार हलका असला, तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालून भरती करतात. दुबळ्यालाही जिंकण्याची आशा राहावी, एवढाच हेतू.

मुलाचे समाधान झाले. माझे मात्र गेले. १९२६ साली पुरे झालेले धरण आमच्या उशाशी आहे. तरी उन्हाळ्यात वाडीवरची पोर हंडाभर पाणी घरी पोचवून, मग डोंगर उतरून शाळेत येते. परीक्षेचा पेपर तिला आणि नाशकातल्या शिकवणीच्या मुलाला एकच.

जुगार म्हणून ज्या मैदानाला आपण नाक मुरडतो, तेथे वजन बलवानाच्या पाठीवर घालतात. आमच्याकडे ते तिच्या डोक्यावर आहे.