नवा अल्बम आणि दूरची कॉन्सर्ट: जिल्ह्यातल्या रॉक-श्रोत्याचा इतिहास

विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर मला विचारलं होतं, "सर, रॉकचा आणि यवतमाळ जिल्ह्याचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे ना कुठला मोठा बँड आला, ना कुठला गाजलेला बँड इथून निघाला. पण ऐकणारे होते. मी त्यांच्यातलाच एक. संगीताचा इतिहास लिहिताना वाजवणाऱ्यांची नोंद होते, ऐकणाऱ्यांची फारशी होत नाही. आज ती थोडी करून पाहू.

आधी महाराष्ट्राचं चित्र. रॉक आपल्याकडे १९९१ नंतर, एमटीव्हीबरोबर आलं असा एक समज आहे. तो खरा नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमारास काही मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. त्यात पियानो वाजवणारा मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झाला. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं! १९८० मध्ये 'द पोलिस' मुंबईत वाजवून गेले. १९८४ मध्ये मुंबईतच 'रॉक मशीन' उभा राहिला, १९९३ मध्ये त्याचं नाव 'इंडस क्रीड' झालं. आणि १९८६ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं. धोबी तलावजवळचं, सेंट झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं रंगभवन हे त्याचं घर.

पाचगणी सोडली तर ही सगळी नावं मुंबईची आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आता तुम्ही दारव्ह्याला बसला आहात असं समजा. साल १९९३. गावातून 'शकुंतला' जाते, ती मूर्तिजापूरला कधी पोहोचेल हे तिलाच माहीत. मुंबईला जायचं तर एसटीने धामणगाव गाठायचं आणि तिथून रात्रीची गाडी. वय पंधरा. घरी सांगणार काय? "बाबा, मी गिटार ऐकायला मुंबईला जातो"? म्हणजे कॉन्सर्ट हा विषयच संपला. आमच्यासाठी रॉक म्हणजे अल्बम, आणि अल्बम म्हणजे कॅसेट.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात घरोघर पोहोचली. कंपनीची इंग्रजी कॅसेट नागपूरला सीताबर्डीवर मिळायची, पण ती हिंदी सिनेमाच्या कॅसेटपेक्षा महाग. मग उपाय काय? कोणाचा तरी चुलतभाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला असायचा. तो दिवाळीत कॅसेट आणायचा, कोणाकडे तरी डबल डेक असायचा, आणि एका मूळ प्रतीच्या दहा प्रती व्हायच्या. कायद्याने ते चुकीचं होतं, हे इथे कबूल करतो.

आता यातली तांत्रिक गंमत पाहा. कोरी कॅसेट नव्वद मिनिटांची. म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा, असा हिशोब. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' त्रेचाळीस मिनिटांचा, तो बरोबर बसायचा. मेटॅलिकाचा १९९१ चा काळा अल्बम बासष्ट मिनिटांचा. मग दोन-चार गाणी गाळायची. कोणती गाळायची यावरून आमची भांडणं व्हायची. आज कोणी मला विचारलं, तुम्ही संगीतावर मत द्यायला कुठे शिकलात, तर मी सांगेन, तिथे. "हे गाणं काढ बे, याच्यात काही दम नाही," असं म्हणायचं आणि मग ते सिद्ध करायचं. जागा कमी असली की मत पक्कं करावंच लागतं.

आयर्न मेडनचा १९८४ चा 'पॉवरस्लेव्ह' एकावन्न मिनिटांचा. त्यातलं शेवटचं गाणं तेरा मिनिटांवर जातं. इंग्रज कवी कोलरिजच्या खलाशावरच्या दीर्घकवितेवर ते बेतलेलं आहे. मधे बहुतेक वाद्यं थांबतात, जहाजाची लाकडं करकरतात, कोणीतरी कवितेच्या ओळी म्हणतं, आणि मग हळूहळू पुन्हा लाट चढायला लागते. आमच्या कॅसेटची बाजू नेमकी त्याच सुमाराला संपायची. खट्! खलाशाचं पुढे काय झालं, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

कॉन्सर्टची भूक आम्ही लाइव्ह अल्बमवर भागवली. डीप पर्पलचा 'मेड इन जपान' घ्या. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत मुद्रित झालेला. 'स्पेस ट्रकिन' हे गाणं त्याच वर्षीच्या 'मशीन हेड' अल्बमवर साडेचार मिनिटांचं आहे, आणि जपानच्या मंचावर तेच वीस मिनिटं चालतं. हे ऐकून शहरातला मित्र चकित झाला होता, मी नाही. कारण आम्ही खंजिरी भजन ऐकून वाढलो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं भजनी मंडळ एकच चरण गर्दी पाहून किती वेळ फिरवतं, हे आमच्या कानांना ठाऊक होतं. दंडार पाहिलेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही की, समोरची माणसं बदलली की गाणं बदलतं. रॉक परकं होतं. लाइव्ह म्हणजे काय, ते परकं नव्हतं.

याच काळात, १९९३ मध्ये, अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' नावाचं मासिक निघालं. मुंबई किंवा दिल्लीहून नाही, अलाहाबादहून. आपल्यासारखे वेडे आडगावी आणखी आहेत, हे त्यामुळे आम्हाला पहिल्यांदा समजलं.

आता रंगभवनाकडे परत येतो. २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवन कॉलेजच्या कुशीत आणि जवळच रुग्णालयं. तिथल्या कॉन्सर्ट बंद पडल्या. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही, रुग्णाला झोप हवीच. पण याच नियमांत राज्य सरकारला वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सण-उत्सवांसाठी रात्री बारापर्यंत सूट देता येते. यवतमाळचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चांगलंच माहीत आहे. गेलेल्या मंचाच्या बदल्यात विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असा, शहराच्या मध्यावरचा दुसरा मंच मात्र उभा राहिला नाही. माझी तक्रार नियमाबद्दल नाही, या राहून गेलेल्या कामाबद्दल आहे.

पुढे मोठे बँड आले. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनने आपल्या जगभ्रमंतीचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात केला. तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. धामणगावहून गाडी धरली. त्या रात्री त्यांनी ते खलाशाचं गाणं वाजवलं. तोवर सीडीवर मी ते पूर्ण ऐकलेलं होतं, तरी मधला शांत भाग आला आणि माझा श्वास अडकला. कानांना सवय होती ना, आता खट् होणार. झालं नाही. हजारो माणसं गप्प उभी होती, आणि मग लाट चढली. शेजारचा अनोळखी मुलगा म्हणाला, "अंकल, रडताय का?" मी तिशीचा होतो हो! 'अंकल' जास्त लागलं.

आता आजचं. माझं मत सांगतो, पटलं नाही तर प्रश्नोत्तरांत भांडा. नवे अल्बम लांबले आहेत. मेडनचा 'सेनजुत्सू', २०२१ चा, ब्याऐंशी मिनिटांचा. मेटॅलिकाचा 'सेव्हंटी टू सीझन्स' सत्त्याहत्तर मिनिटांचा. वाजवणं अजून कसदार आहे, पण गाळणारा कोणी उरला नाही. आमच्या डबल डेकवाल्या मित्राने त्यातून पंचेचाळीस मिनिटांचा झकास अल्बम काढला असता.

हा मेटॅलिकाचा अल्बम आला तो दिवस होता १४ एप्रिल २०२३. मी यवतमाळला होतो. लंडनच्या श्रोत्याला मिळाला त्याच दिवशी तो माझ्या फोनवर होता. पंधराव्या वर्षी ज्यासाठी दिवाळीपर्यंत थांबायचो, ते सकाळच्या चहाबरोबर आलं. आणि संध्याकाळी चौकात भीमगीतांचा कार्यक्रम. तिकीट नाही, अट नाही. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, पोरं स्पीकरजवळ, आयाबाया लेकरांना घेऊन. ढोलकीवाल्याने लय वाढवली की अख्खा चौक हलायचा. मी फोन बंद करून खिशात टाकला.

अल्बमचं अंतर मिटलं, कॉन्सर्टचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत आले, तेव्हा तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. त्यात आपल्या पोराचा प्रवास आणि मुक्काम धरा. जो जाऊ शकतो त्यालाच लाइव्हबद्दल मत असणार, आणि बाकीच्यांनी फोनवर क्लिपा पाहायच्या?

म्हणून एकच मागणं मांडतो आणि थांबतो. भीमजयंतीच्या चौकाने हे दाखवून दिलं आहे की, मंच गावात असला की श्रोता आपोआप घडतो. आज यवतमाळ, पुसद, वणीत गिटार आणि ड्रम शिकणारी मुलं आहेत. आपल्या दुर्गोत्सव मंडळांनी नऊपैकी एक संध्याकाळ, दहाच्या आत, त्यांना द्यावी. वाईट वाजवतील. वाजवू द्या. समोर उभं राहून "याच्यात दम नाही बे" म्हणणारा कोणीतरी त्यांनाही हवा आहे.

आता प्रश्न विचारा.