माळव्याची माती आणि माणसांची मोजदाद



लोकसंख्या भूमितीश्रेणीने वाढते आणि अन्न गणितश्रेणीने, असा सिद्धांत माल्थसने 1798 साली मांडला. तो आपल्या माळव्याच्या मातीवर घासून पाहावा, असे मला वाटते.

माळव्यात पावलोपावली भाकरी आणि पाणी, ही पूर्वजांची श्रद्धा. मारवाडात पाऊस चुकला की माणसे गुराढोरांसह इकडे येत. 1899-1900 च्या ‘छप्पनिया’ दुष्काळाने ही श्रद्धा मोडली. 1891 साली अकरा लाखांच्या घरात असलेली होळकर संस्थानची लोकसंख्या 1901 च्या खानेसुमारीत साडेआठ लाखांवर आली. दुष्काळ आणि त्यामागून आलेली रोगराई यांचा हा हिशेब. त्या वेळी येथे माणसांची दाटी नव्हती. आज एकट्या इंदूर शहरात त्याहून अधिक लोक राहतात. रेल्वे येऊन वीस वर्षे झाली होती, धान्य आणता येत होते. परंतु ज्याचे पीक बुडाले त्याची मजुरीही बुडाली, आणि पैशावाचून बाजारातले धान्य परकेच.

दुसरा धडा याच नगरीने जगाला दिला. 1924 साली येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख थरांनी रचून, वरचेवर उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. 1931 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि ‘इंदूर पद्धत’ म्हणून देशोदेशी गेली. मातीतून घेतलेले मातीला परत करावे, हे तिचे सार.

1951 ते 2011 या काळात भारताची लोकसंख्या 36 कोटींवरून 121 कोटींवर गेली, म्हणजे सव्वातीन पटींहून अधिक. धान्योत्पादन मात्र सुमारे पाचपट झाले. माल्थसचे गणित येथे चुकले. तथापि या विजयाचे मोल विहिरींनी आणि कूपनलिकांनी चुकविले आहे. माळव्यातील भूजल खोल गेले आहे.

म्हणून तोंडे किती, एवढेच विचारून भागणार नाही. मातीला आपण काय परत केले आणि गरिबाच्या हाती धान्य घेण्याइतकी मजुरी आहे काय, हेही विचारले पाहिजे. ज्या गुरुजनांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांनी प्रश्न नीट मांडावयास शिकविले. हा प्रश्न तसा मांडणे, हीच त्यांना आदरांजली.