पावाचा उंबरठा : एका जुन्या यंत्राच्या निमित्ताने

वडोदऱ्यास कारेलीबागेतील आमच्या स्वयंपाकघरात पाव भाजण्याचे एक जुने घरगुती यंत्र आहे. अमेरिकेत राहणाऱ्या पुतण्याने फार वर्षांपूर्वी ते आणले. काही दिवस कौतुक झाले, पाव विटेसारखे निघू लागले, आणि यंत्र माळ्यावर गेले. अलीकडे ते खाली काढून आम्ही पुन्हा कामास लावले. आता रविवारी सकाळी पाव भाजल्याचा वास घरभर दरवळतो, आणि दर वेळी आम्हांस आजीची आठवण होते. आजी पावास कधी शिवली नाही. मुलांनी बाजारातून पाव आणलाच तर तो ओटीवर बसून खावा, हातपाय धुऊन मगच आत यावे, असा तिचा दंडक होता. तो दंडक कोठून आला, आणि ज्या पदार्थास उंबरठा ओलांडण्याची मनाई होती तो चुलीशेजारी कसा येऊन बसला, याचा थोडा विचार येथे योजिला आहे.

पाव पायांनी मळतात म्हणून त्यास पाव म्हणतात, असे आजी सांगे. वस्तुतः हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’ या शब्दावरून आला आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. गहू खाणाऱ्या त्या लोकांस आपली नित्याची भाकर हवी होती, परंतु पीठ फुगविण्यास लागणारे किण्व येथे मिळेना. तेव्हा माडाची सूर त्या कामी आली. ताज्या सुरेत किण्वाचे सूक्ष्म जीव आपोआप वाढतात. तीत मळलेले पीठ रात्रभरात फुगते. अशा रीतीने विलायती पदार्थ आमच्या माडावर पोसला गेला, आणि पहाटे दारोदार पाव घालणारा पदेर गोमंतकाच्या जीवनाचा भाग झाला.

परंतु आमच्या पूर्वजांच्या दृष्टीने पाव हे केवळ अन्न नव्हते. सोळाव्या शतकात सासष्टीतील देवळे पडू लागली. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास स्थिरावली. देवांमागोमाग भक्तही निघाले. त्या काळची एक कथा घरोघर सांगितली जाते : पाद्री विहिरीत पाव टाकीत, आणि ते पाणी नकळत प्यालेले सारे गाव बाटले असे ठरे. प्रत्येक विहिरीची साक्ष आज कोण देणार? तथापि कथा टिकली, आणि तिचा अर्धाच भाग आम्ही मुलांस सांगत आलो.

तिचा दुसरा अर्धा भाग असा की, पाव टाकणारे परके होते, परंतु पाणी प्यालेल्यांस परत न घेणारे आपलेच होते. विहिरीतील तुकड्यात माणसाचा धर्म बदलण्याचे सामर्थ्य नव्हते. ते सामर्थ्य आमच्या बहिष्काराने त्यास दिले. तहान लागली म्हणून ओंजळभर पाणी प्यालेल्या भावास दार बंद करताना आमच्या पूर्वजांस काय वाटले असेल, हे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही.

हा धाक गोमंतकापुरता नव्हता, आणि लवकर सरलाही नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. निमंत्रितांत रानडे होते, टिळक होते. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषासही पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. भट्टीतून निघालेल्या एका चकतीची ही शक्ती होती!

वास्तविक पीठ आंबविणे आम्हांस नवे नव्हते. कोकणी घरांतील सान्नां कित्येक ठिकाणी सुरेनेच फुगत. आंबोळी, इडली रात्रभर आंबूनच होतात. आणि गुजराथेत येऊन पाहावे तर ढोकळ्यास कोणी बाटलेला म्हणत नाही. तेव्हा आक्षेप आंबण्यास नव्हता, मळणाऱ्या हातास होता. हे एकदा उमगले की, आमच्या घरात यंत्र सुखाने का नांदले तेही कळते. यंत्रास जात नाही. ज्या वृद्ध मंडळींनी भट्टीचा पाव कधी खाल्ला नाही, त्यांनी यंत्रातला पाव तूप लावून निःशंकपणे खाल्ला.

परंतु या यंत्रामागेही माणसाचा हात आहेच. जपानातील मात्सुशिता कंपनीने १९८७ साली असे यंत्र बाजारात आणले. आरंभीच्या नमुन्यांत पावाची साल करपे आणि आतले पीठ कच्चे राही. तेव्हा इकुको तनाका या बाई ओसाका येथील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीस राहिल्या. तो कणीक नुसती ताणीत नाही, पीळ देऊन ताणतो, हे त्यांनी हेरले, आणि तो पीळ साधण्यासाठी भांड्याच्या आतल्या अंगास उंचवटे बसविण्यात आले. किण्व मागाहून घालण्याची जुनी रीतही तेथे उपयोगी पडली. त्यामुळे उष्ण हवेत पीठ अकाली फुगून बसत नाही.

कारेलीबागेत वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. आमचे पाव विटेसारखे का निघत, याचे उत्तर बव्हंशी येथेच होते. आमच्या यंत्रात किण्वाचा वेगळा कप्पा नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही फ्रिजमधील गार पाणी घेतो आणि पहिली मळणी संपत आली की किण्व हाताने घालतो. ४०० ग्रॅम पिठास सुमारे २६० मिलिलिटर पाणी, चहाचा एक चमचा मीठ, तितकेच कोरडे किण्व आणि दोन चमचे तेल, हे आमचे प्रमाण. निम्मी कणीक, निम्मा मैदा घेतल्यास पाणी थोडे अधिक लागते. पेल्याने मोजू नये, वजन करावे. कारण अमेरिकेचा पेला आणि आपला पेला एक नव्हे. मळणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहावे : गोळा मऊ, गुळगुळीत, भांड्यापासून सुटलेला असावा. कोरडा वाटल्यास चमचाभर पाणी, चिकटल्यास चमचाभर पीठ घालावे.

जुन्या यंत्राचा रबरी पट्टा सैल होतो आणि मळणी अपुरी राहते. तो बदलताच आमचे यंत्र तरुण झाले. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर ते लावल्यास जळेल, म्हणून पुरेशा शक्तीचा ट्रान्सफॉर्मर मध्ये हवा. पाव होताच भांड्यातून काढून जाळीवर ठेवावा, नाहीतर वाफेने तळ ओला होतो. आणि निवल्यावाचून कापू नये.

हे सारे शिकण्यास आम्हांस कित्येक पाव वाया घालवावे लागले. अखेर शिकलो ते इतकेच की, यंत्र असले तरी झाकण उघडून बोटाने गोळा चाचपावाच लागतो. म्हणजे पदेर जे जाणत होता तेच आम्हांस शिकावे लागले. आजीने ओटीवर ठेवलेला पाव आज स्वयंपाकघरात आहे, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ज्यांस त्याच पावापायी घराबाहेर राहावे लागले, त्यांचे वंशज आजही पलीकडच्या वाड्यावर आमचीच कोंकणी बोलतात, आणि कित्येकांस आपले जुने आडनाव व कुळदेव ठाऊक आहेत. मुलांस विहिरीची कथा सांगताना, दार कोणी लावले हेही यापुढे सांगावे, असे आम्ही आमच्या घरापुरते ठरविले आहे.